शब्दांची शिदोरी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज चार शब्द बोलते, तेही शब्दांविषयींच.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि २०२२ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हांपासून माझ्या धाकटीला तोच ध्यास. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांत इंग्रजीचे २००. उत्तर बरोबर आले तर ४ गुण. चुकले तर त्याचा तिसरा हिस्सा कापतात. पहिल्या खेपेस पोरीने अंदाजाने उत्तरे दिली आणि तेथेच घसरली. फार रडली.

मग आम्ही वही घातली. रोज १० शब्द. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत, समोर अर्थ. पोळ्या लाटतांना मी अर्थ वाचावा, तिने शब्द सांगावा. पण नुसते पाठांतर टिकेना. एकदा माझ्याच ध्यानांत आले, ‘बेनिफिट’, ‘बेनेव्होलंट’ यांत ‘बेने’ म्हणजे चांगले. ‘मॅलिस’, ‘मॅलिग्नंट’ यांत ‘मॅल’ म्हणजे वाईट. आपले सुगंध-दुर्गंधच की हे! तेव्हांपासून शब्द कुळाकुळाने लिहितो, आठवड्याने मागचे ७० पुन्हा विचारते. येत नाही ते सोडून द्यायचे, हेही ती शिकली.

परीक्षा वर्षांतून दोनदा होते. ती पुन्हा बसणार आहे. यश येईल तेव्हां येईल. पण भगिनींनो, आपल्याला येत नाही म्हणून मुलांच्या अभ्यासापासून दूर बसूं नका. वही धरून विचारायला सातवी पुरते.