अनामिकांची संगत

दारू सोडणे ही एक गोष्ट झाली. सोडलेली दारू पुन्हा हाती न धरणे ही दुसरी. पहिली अनेकांना अनेकदा साधलेली असते. दुसरी साधण्यास माणसाला माणसे लागतात. परगावी, आणि त्यातही बंगळूरच्या कोरमंगलासारख्या वस्तीत, ही माणसे शोधावयाची कशी?

कोरमंगला ही होसूर रस्त्याच्या लगतची, आकड्यांच्या ‘ब्लॉकां’त विभागलेली वस्ती. एके काळी येथे खेडे होते, तळी होती. आज उपाहारगृहे, मद्यगृहे आणि संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. सांगलीहून वा नागपुराहून नोकरीसाठी आलेला तरुण येथे भाड्याच्या खोलीत राहतो. त्याला कन्नड येत नाही. शेजारी त्याला ओळखत नाहीत. ही अनोळख आरंभी सोयीची वाटते, कारण सायंकाळी तो कोठे बसतो हे विचारणारे कोणी नसते. पुढे तीच अंगाशी येते. कामावरचे खाडे वाढतात, घरी खोटी कारणे सांगितली जातात, आणि मदत मागावी तर ती कोणाकडे, हेही ठाऊक नसते.

असाच परगावी अडकलेला एक गृहस्थ १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरी एका हॉटेलात उभा होता. बिल विल्सन हे त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेला माणूस. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, आणि ज्या कामासाठी तो आला होता ते फसले होते. दालनाच्या एका टोकास मद्यगृह होते व दुसऱ्या टोकास टेलिफोन आणि गावातील चर्चेसची यादी. तो टेलिफोनकडे वळला. आपणास कोणा मद्यासक्त माणसाशी बोलावयाचे आहे, एवढेच त्याचे मागणे होते. त्या धडपडीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी भेटीसाठी पंधराच मिनिटे देऊ केली होती. बोलणे कित्येक तास चालले. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला, आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा जन्मदिवस म्हणून तोच दिवस मानला जातो. यातील मर्म असे की, विल्सन डॉक्टरांना तारावयास गेला नव्हता; स्वतः तरण्यासाठी त्याला डॉक्टर हवे होते.

या संघाचे काम मुंबईत १९५७ साली सुरू झाले, आणि बंगळूरमध्येही त्याच्या सभा निरनिराळ्या भागांत भरतात. कोठे चर्चची खोली असते, कोठे शाळेचा वर्ग. भाषा इंग्रजी, कन्नड, तमिळ. वर्गणी नाही, नोंदणी नाही. दारू थांबविण्याची इच्छा एवढीच पात्रता. आडनाव कोणी विचारीत नाही. ‘खुल्या’ सभेस कोणासही बसता येते, ‘बंद’ सभा केवळ मद्यासक्तांची असते. नवख्याने पहिल्या दिवशी तोंड उघडले नाही तरी चालते. एक गट रुचला नाही म्हणून पाठ फिरवू नये. दुसऱ्या वाराचा, दुसऱ्या रस्त्यावरचा गट पाहावा. संघाच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आणि तेथे अनेक बुद्धिवादी मंडळी अडखळतात. तो शब्द प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा अशी मुभा संघानेच ठेविली आहे. आणि ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी तोही आहे: २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार व्यक्तींचा आढावा घेतला, दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धती इतर मान्य उपचारांहून सरस ठरली.

मात्र सभा म्हणजे रुग्णालय नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने निश्चयाच्या भरात एका रात्रीत दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी वैद्य आणि मग सभा. कोरमंगलाच्या रहिवाशास या बाबतीत दूर जावे लागत नाही. सेंट जॉन्स रुग्णालय वस्तीच्या कडेलाच आहे, आणि होसूर रस्त्यानेच पुढे गेल्यास निम्हान्स लागते; तेथे व्यसनचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे. तरीही लोक जात नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एखाद्यालाच काही उपचार मिळालेला असतो. लाज हे त्याचे एक कारण, आणि ते लहान नव्हे.

मराठी माणसास आणखी एक अडचण जाणवते, ती भाषेची. इंग्रजीत कचेरीचे काम होते. पण आईच्या बांगड्या विकल्या हे इंग्रजीत सांगताना जीभ सैल सुटते, आणि मन मात्र कोरडेच राहते. महाराष्ट्रात यासाठी मोठे काम उभे आहे. ब्राउन शुगरच्या विळख्याविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेले वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी पुढे केली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. २०२० च्या महामारीनंतर दूरस्थ सभांचा प्रघात पडला आहे. त्यामुळे कोरमंगलातील खोलीत बसूनही मराठी सभेत भाग घेता येतो. तरी पडद्यावरची सभा संपली की खोली पुन्हा रिकामीच असते. चहाचा पेला हाती देणारा मनुष्य दोन गल्ल्यांपलीकडेच असावा लागतो, मग त्याची भाषा तमिळ का असेना.

घरच्यांनी काय करावे? नवरा सभेस जाण्यास तयार होईपर्यंत पत्नीने वाट पाहत बसावे, असा बहुतेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हा निराळा संघ १९५१ पासून आहे, आणि मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तेथे जाण्यास नवऱ्याची संमती लागत नाही. त्याने दारू सोडलेली असण्याचीही अट नाही. पत्ता कोणाला विचारावा हेच सुचत नसेल, तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर, अथवा १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फोन करावा. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.