पहिला चांगला हेडफोन घेताय? आधी हे ऐका

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असणार. "दोनशे-तीनशेचे इअरफोन वापरून कंटाळा आलाय. दर चार महिन्यांनी एका कानाचा आवाज जातो. आता थोडे पैसे साठवलेत, एक चांगला हेडफोन घ्यायचाय. कुठला घेऊ?"

मॉडेलचं नाव मी सांगणार नाहीये. आज सांगितलेलं मॉडेल सहा महिन्यांत जुनं होतं, आणि माझ्या कानात बसणारा हेडफोन तुमच्या कानात बसेलच असं नाही. त्यापेक्षा निवडायचं कसं ते बघू. माझ्या मते, तुम्ही रोज जिथे बसून किंवा उभं राहून ऐकता, तिथे कमी आवाजातही ज्यावर सगळं स्पष्ट ऐकू येतं, तो चांगला हेडफोन. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

आधी जागा, मग हेडफोन

तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कुठे ऐकता? लोकलमध्ये, एसटीत, होस्टेलच्या खोलीत, अभ्यासिकेत, की जिममध्ये? उत्तर मनाशी पक्कं करा, कारण अर्धी निवड तिथेच होते.

लोकल किंवा बसमध्ये ऐकत असाल तर बाहेरचा गोंगाट अडवणारा हवा. म्हणजे रबरी टिप असलेला, कानाच्या आत बसणारा इन-इअर, किंवा अख्खा कान झाकणारा ओव्हर-इअर. पण गर्दीच्या डब्यात ओव्हर-इअर सांभाळणं जरा अवघड जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात त्याच्या गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात. प्रवासासाठी पहिला हेडफोन म्हणून इन-इअर सोयीचा.

होस्टेलमध्ये किंवा घरी तासन् तास ऐकत असाल, तर ओव्हर-इअर आरामाचा. त्यातही ओपन-बॅक नावाचा प्रकार असतो, मागून जाळी असलेला. आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेरही तितकाच पसरतो. शेजारच्या कॉटवरचा मित्र झोपला असेल तर पंचाईत. अभ्यासिकेत तर नकोच.

कानात बसतो की नुसता अडकतो?

इन-इअरच्या खोक्यात साधारण तीन मापांच्या टिप्स येतात. आपण काय करतो? जी आधीच लावलेली असते तीच वापरतो, बाकीच्या खोक्यात पडून राहतात. मग तक्रार, "याला बासच नाही यार!"

बास असतो, पण टिप आणि कान यांच्यामध्ये फट राहिली की तो निसटून जातो. तपासायला सोपं आहे. गाणं चालू असताना दोन्ही बड्स बोटाने हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला, तर तुमची टिप चुकीच्या मापाची आहे. दुसरी लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं मापही लागू शकतं.

नीट बसलेली टिप बाहेरचा आवाजही अडवते. त्यामुळे व्हॉल्यूम कमी ठेवता येतो, आणि खरा मुद्दा तोच आहे.

कान एकदाच मिळतात

आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. प्रत्येक कानात साधारण १५ हजार. त्या मेल्या की माणसामध्ये पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचं गणित असं आहे: मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर तीच मर्यादा फक्त ४ तासांवर येते, तीही आख्ख्या आठवड्यासाठी! डेसिबल थोडेसे वाढले तरी कानावरचा भार झपाट्याने वाढतो. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो.

आता लोकलमधला मोकळ्या घडणीचा, टिप नसलेला इअरफोन आठवा. गाडीचा खडखडाट सुरू झाला की आपण व्हॉल्यूम वाढवतो. स्टेशन आलं की गोंगाट कमी होतो, पण व्हॉल्यूम तसाच राहतो. जाऊन-येऊन रोज दोन तास धरले, तर आठवड्याचे किती झाले बघा. कानात शिट्टीसारखा आवाज येत राहणं हा इशारा असतो. तो वारंवार येत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

म्हणून गोंगाट अडवणाऱ्या हेडफोनवर खर्च केलेला पैसा मी चैन समजत नाही.

नॉइज कॅन्सलेशन: कशाला चालतं, कशाला नाही

एएनसी, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. हेडफोनवरचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतात. दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. यामागचं एक मोठं नाव अमर बोस. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजामुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी यावर गणितं मांडायला सुरुवात केली. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला.

म्हणूनच एएनसी सगळ्यात छान चालतं ते एकसुरी घरघरीवर. बसचं इंजिन, एसी, पंखा. शेजारच्यांच्या गप्पा, हॉर्न, फेरीवाल्याची हाक हे मात्र ते पूर्ण थांबवत नाही. तिथे नीट बसलेली टिपच जास्त कामाला येते. बजेट कमी असेल तर स्वस्तातल्या एएनसीच्या मागे लागण्यापेक्षा चांगली बसणारी टिप आणि चांगला आवाज निवडा.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. रस्ता ओलांडताना, रुळांच्या आसपास, दुचाकीवर हेडफोन काढा. नुसता पॉज नको, कानातून बाहेर काढा.

वायर की ब्लूटूथ?

तेवढ्याच पैशात वायरवाल्याचा आवाज बहुतेक वेळा सरस मिळतो, कारण बॅटरी, चिप आणि केस यांचा खर्च त्यात नसतो. दीड-दोन हजारांत वायरवाले इन-इअर खरंच चांगले मिळतात. चार्जिंगची कटकट नाही, आणि गेम खेळताना आवाज मागे राहत नाही. घेताना शक्यतो सुटी होणारी वायर बघा. इअरफोन बहुतेकदा वायरपाशीच तुटतो. वायर बदलता आली तर अख्खा हेडफोन फेकावा लागत नाही.

फोनला ३.५ एमएमचा जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा ॲडॉप्टर लागतो. ज्याच्या आतच आवाजाची चिप, म्हणजे डॅक असतो, तो घ्या. बिनचिपचे स्वस्त ॲडॉप्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत.

ब्लूटूथची सोय मोठी, हे मान्यच. पण बड्समधली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक वेळा बदलून मिळत नाही. कोडेकचं म्हणाल, तर आयफोनवर एएसी चालतो, एलडीएसी चालतच नाही. तेव्हा आयफोनवाल्यांनी एलडीएसीसाठी जादा पैसे देऊ नयेत. ॲन्ड्रॉइडवाल्यांनीही आधी टिप नीट बसवावी, कोडेक नंतर. घाम आणि पावसाच्या शिंतोड्यांसाठी निदान आयपीएक्स ४ हवं. मात्र याचा अर्थ मुसळधार पावसात चालेल असा नाही.

खोक्यावरचे आकडे

"२० ते २०,००० हर्ट्झ" हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाच्या कानाची मर्यादाच साधारण तेवढी आहे. या पट्ट्यात कुठला सूर किती वर-खाली वाजतो, ते त्यातून कळत नाही. ड्रायव्हर किती एमएमचा, यावरूनही आवाजाचा दर्जा कळत नाही.

वायरवाल्यात एकच आकडा बघा: इम्पिडन्स. १६ किंवा ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन फोनवर सहसा आरामात वाजतो. २५० किंवा ३०० ओहमवाला फोनवर बहुधा मरगळलेला वाटेल. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

किंमत म्हणाल तर २०१७ मध्ये जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांच्यात संबंध सापडला नाही. महागात मजबुती, आराम, एएनसी मिळत असेल, पण महाग म्हणजे आवाज चांगला, हे गृहीत धरू नका.

ऐकून बघायची पद्धत

दुकानात डेमो मिळाला तर उत्तम, नाहीतर मित्रांचे हेडफोन मागा. टिप्स मात्र पुसून किंवा बदलून घ्या! तुमच्या ओळखीचीच गाणी लावा. मी तीन गोष्टी ऐकतो.

पहिली, शास्त्रीय गायन. आवाज कमी ठेवा. गायकाच्या मागे तानपुरा सलग ऐकू येतोय का?

दुसरी, भरगच्च गाणं. 'सैराट'च्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये खऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग झालं होतं. त्यातली व्हायोलिन्स आणि ताल वेगवेगळे कळतात, की सगळ्याचा काला होतो?

तिसरी, नुसतं बोलणं, एखादा मराठी पॉडकास्ट. 'स', 'श', 'च' ही अक्षरं कानाला टोचत असतील, तर तासाभराने डोकं दुखणार.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जो मोठ्याने वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. काउंटरवर व्हॉल्यूम चढवून ऐकवलं तर आधी तो खाली आणा. आणि निदान वीस मिनिटं कानात ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत कुठलाच हेडफोन टोचत नाही.

पक्कं बिल घ्या, वॉरंटी कोण देणार ते विचारा. इन-इअर उघडल्यावर परत घेतात का, हे ऑर्डर करण्याआधीच वाचा. बरेच विक्रेते स्वच्छतेचं कारण देऊन परत घेत नाहीत.

तर मंडळी, घरी आल्यावर पहिलं काम काय करायचं? रोजच्या प्रवासात नवा हेडफोन लावा आणि व्हॉल्यूम किती ठेवावा लागतो ते बघा. आधीपेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली आला आणि तरी शब्द न् शब्द कळतोय? मग पैसे वसूल.

तुमचं बजेट आणि ऐकायची जागा मला लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, जरा हळू आवाजात!