खोताच्या वाडींतील ओटे

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाची तयारी चालू असतां आम्ही कांहीं मंडळी एका रविवारीं मिस्सानंतर गिरगांवांतील खोताची वाडी पाहावयास गेलों. त्या भेटींत जें मनांत राहिलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

मोठा रस्ता सोडून बोळांत शिरलों, तों गाड्यांचा गोंगाट मागें पडला. दोहों बाजूंस एकोणिसाव्या शतकांतल्या धर्तीचीं दुमजली घरें: मंगळूरी कौलें, लांकडी सज्जे, बाहेरून वर जाणारा जिना, आणि वाटेला लागूनच ओटा. खोत हें पाठारे प्रभु घराणें. त्यांच्या जमिनीचे तुकडे घेऊन ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांनीं येथें घरें बांधिलीं. हिंदु जमीनदाराचें नांव ही ख्रिस्ती वस्ती आजहि मिरविते. 'ईस्ट इंडियन' हें नांव समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, धारण केलें. मायबोली मात्र मराठीच होती.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां ठिकठिकाणीं लोकांनीं क्रूस उभारून त्यांपुढें एकत्र प्रार्थना केली. वाडींतलें लहानसें प्रार्थनामंदिर पाहून आम्हांस त्या दिवसांचें स्मरण झालें. जेथें ओटे समोरासमोर, तेथें शेजाऱ्याचें दुःख लपून राहत नाहीं.

एका ओट्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आम्हीं घराची वाखाणणी केली, तेव्हां त्या म्हणाल्या, "घर सुंदर खरें, पण कौलें चाळणारा माणूस मिळत नाहीं, आणि वारस आठ. कोणी विकूं म्हणाला तर त्याला दोष कसा द्यावा?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. येथें एके काळीं सुमारें ६५ घरें होतीं असें सांगतात. आज त्यांतलीं निम्मींहि उरलीं नाहींत.

निघतांना, आम्ही तिऱ्हाईत असूनहि, चहा घेतल्यावांचून त्यांनीं आम्हांस सोडलें नाहीं.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं पुष्कळांचीं बिऱ्हाडें आतां उंच इमारतींत आहेत आणि दारें बंद. वाडी परत आणणें आपल्या हातीं नाहीं. परंतु ज्या मजल्यावर कोणी आजारी वा एकटें आहे, त्याच्या दारीं जाणें आपल्या हातीं आहे. पन्नास वर्षांत आपल्या देवळाच्या भिंती पक्क्या झाल्या. आपल्या उंबरठ्यावरहि त्या ओट्याची माया नांदो, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.