गृहकर्जाचा हप्ता आणि घरातील चूल : रायपूरच्या निमित्ताने



कर्ज काढून घर घेतले, की घर ‘घेतले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात त्या घराचे मूळ दस्तऐवज धनको बँकेच्या तिजोरीत जमा झालेले असतात. हक्कपत्रे धनकोच्या स्वाधीन करून निर्माण होणारे हे गहाण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये मान्य केलेले आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला तर खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेण्याची कारवाई धनकोला सुरू करता येते. वीस वर्षे टिकणारे हे नाते आणि त्या घरातील रोजचा स्वयंपाक यांचा परस्परसंबंध काय, हा आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी रायपूर शहर घेणे सोयीचे आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. शासकीय कार्यालये, बँका, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांच्यासोबत पगारदार वर्ग वाढला. गोलबाजार, तात्यापारा, बुढापारा हे जुने भाग अपुरे पडून वस्ती कचना, सड्डू, सेजबहार, बोरियाकला अशी बाहेर पसरली. या नव्या वसाहतींतील अनेक घरांमागे गृहकर्ज आहे. मराठी वाचकाला हे शहर परके नाही. १८५४ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याच्या प्रांताची राजधानी होती. तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबे आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्या संबंधाची आजची खूण.

प्रथम कर्जाचे गणित पाहू. समजा, एका कुटुंबाने २० लाख रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. ८.५ दराने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता साधारण १७,३५६ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल केवळ ३,१८९ रुपयांनी घटते. हप्ता तोच राहिला तरी त्याच्या पोटातील व्याज आणि मुद्दल यांचे प्रमाण फार सावकाश बदलते. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, नियमितपणे हप्ते भरल्यानंतरही सुमारे १४ लाख रुपयांचे मुद्दल शिल्लक असते. ‘अर्धी मुदत संपली म्हणजे अर्धे कर्ज फिटले’ हा समज सुशिक्षितांतही आढळतो. संपूर्ण मुदतीत परतफेड होते सुमारे ४१.६६ लाखांची.

आता याच कुटुंबाने पहिल्या महिन्यापासून हप्त्याबरोबर दरमहा २,००० रुपये अधिक भरले असे धरू. कर्ज २४० ऐवजी १८७ हप्त्यांत फिटते. जवळजवळ साडेचार वर्षे वाचतात आणि व्याजात सुमारे साडेपाच लाख रुपयांची घट होते. काळाचे महत्त्व याहून स्पष्ट करणारा दाखला असा : एक लाख रुपये कर्जाच्या आरंभीच भरले तर सुमारे २८ हप्ते कमी होतात, तेच एक लाख दहा वर्षांनंतर भरले तर सुमारे १३ हप्तेच कमी होतात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीला लावली जाते. कर्जदाराचे तळे मात्र तळाशी फुटलेले असते. तेथे थेंब किती पडले यापेक्षा ते किती लवकर पडले याला अधिक महत्त्व आहे.

मुदतपूर्व परतफेडीला आज कायद्याचा अडसर नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडण्यात आली. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला. परंतु मुदत लांबली आणि बऱ्याच जणांना ते उशिरा कळले. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला देण्याचे बंधन घातले. जादा रक्कम भरतानाही ती हप्ता कमी करण्यासाठी आहे की मुदत कमी करण्यासाठी, हे लेखी कळविणे इष्ट. मोठी बचत मुदत घटविण्यात आहे.

हे २,००० रुपये आणावयाचे कोठून? हप्ता ठरलेला, शाळेचे शुल्क ठरलेले, विजेचे देयक बहुतांशी ठरलेले. ज्या खर्चाला थोडीफार लवचीकता आहे तो स्वयंपाकघराचा.

जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम परीक्षार्थींना परिचित आहे : उत्पन्न वाढते तसा त्यातील अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटतो. शहरी भारतात १९९९-२००० मध्ये हा हिस्सा ४८ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात तो ३९.६८ टक्के आढळला. परंतु त्या आकड्याच्या आत डोकावले पाहिजे. शहरी कुटुंबाच्या अन्नखर्चातील सर्वांत मोठी बाब धान्य, दूध किंवा भाजी ही नसून पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले व शिजवलेले अन्न ही आहे. एकूण खर्चात तिचा वाटा ११.०९ टक्के आहे. याच सर्वेक्षणात छत्तीसगडच्या शहरी भागाचा दरडोई मासिक खर्च ४,९२७ रुपये होता. राज्यांमध्ये तो सर्वांत कमी. देशाची शहरी सरासरी ६,९९६ रुपये होती. कर्जाची परतफेड हा उपभोग नव्हे, म्हणून हप्ता या आकड्यांत दिसतच नाही. घरातील ओढाताण मात्र त्यानेच घडते.

काटकसर म्हणजे डाळ पातळ करणे किंवा दूध कमी घेणे, अशी समजूत असेल तर ती चुकीची आणि घातक आहे. पैसा गळतो तो अन्यत्र : सायंकाळी साडेसात वाजता दोघेही थकून घरी येतात, काही शिजवलेले नसते आणि बाहेरून मागविले जाते. आठवड्यातून दोनदा असे घडले आणि घरच्या शिध्याचा खर्च वजा जाता प्रत्येक वेळी २५० रुपये वाचू शकले असते असे धरले, तर महिन्याचे २,००० रुपये येथेच सापडतात. एकदाच अधिक प्रमाणात शिजवून ठेवण्याच्या पद्धतीचा खरा लाभ हाच आहे. ती अन्न स्वस्त करते त्यापेक्षा दमलेल्या माणसाचा महागडा निर्णय टाळते.

ही पद्धत परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. छत्तीसगडमधील बोरे आणि बासी ही तिचीच रूपे होत. शिजलेला भात पाण्यात घालून काही तासांनी खाल्ला तर बोरे. रात्री भिजवून सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, चटणी यांच्यासोबत खाल्ला तर बासी. एका चुलीवर दोन वेळचे जेवण. सकाळी शेतावर किंवा कामावर निघणाऱ्यांचे हे अन्न बराच काळ गरिबीची खूण समजले गेले. १ मे २०२२ च्या कामगारदिनी राज्य शासनाने ‘बोरे बासी दिवस’ साजरा करून त्याला प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला. मराठी घरात ‘शिळे’ या शब्दाला नाक मुरडले जाते खरे, परंतु फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा आवडीने खाल्ला जातो तो त्याच घरात.

वाळवणात तर दोन्ही प्रदेशांचे नाते अधिकच जवळचे आहे. छत्तीसगडमध्ये कोहळ्याला रखिया म्हणतात आणि तो किसून उडदाच्या डाळीत कालवून रखिया बडी घालतात. महाराष्ट्रात कोहळ्याचे सांडगे होतात, विदर्भात मुगवड्या. बिजौरी आणि पापड, कुरडई आणि भाजणी, मेतकूट आणि वर्षाचा मसाला ही सारी एका हंगामातील श्रम बारा महिन्यांवर पसरविण्याची व्यवस्था आहे. ऐन पावसाळ्यात भाजी महागली की मूठभर बडी आणि एक बटाटा यांवर घराचे जेवण निभावते. या साठवणीला वीजही लागत नाही.

आजच्या नोकरदार घरात वर्षाऐवजी आठवडा हे माप धरावे लागते. रविवारी कांदा-टोमॅटोचे वाटण एकदाच परतून लहान डब्यांत भरणे, हरभरा-राजमा आदल्या रात्री भिजवून एकाच कुकरमध्ये उकडणे, पालेभाजी निवडून कोरडी करून ठेवणे, एवढे झाले तरी रोजचा स्वयंपाक निम्म्यावर येतो. भिजवलेले कडधान्य आणि झाकलेले भांडे यांमुळे १४.२ किलोचा सिलिंडरही अधिक दिवस पुरतो. धान्य गुढियारीच्या घाऊक बाजारातून महिन्याचे आणि भाजी शास्त्री बाजारातून आठवड्याची घेणारी कुटुंबे रायपुरात आहेतच; त्यांच्या हिशोबात भर घालावयाची ती केवळ शिजविण्याच्या वेळापत्रकाची.

एका बाबतीत मात्र सावध राहणे आवश्यक आहे. शिजलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, थंड साठवण ५ अंश सेल्सिअसखाली आणि गरम अन्न ६० अंशांवर असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. रायपूरचा मे महिन्यातील पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेथे दोन तासांची मर्यादा एका तासावर आणणेच शहाणपणाचे. भातात बॅसिलस सिरियस या जीवाणूची बीजाणुरूपे शिजविल्यावरही टिकतात, म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात निववून लगेच शीतकपाटात ठेवावा. बासीमध्ये आंबण्याच्या क्रियेने दुग्धाम्ल तयार होते आणि त्याचा काहीसा बचाव होतो. तरीही स्वच्छ पाणी, घासलेले भांडे आणि सकाळीच संपविण्याचा परिपाठ यांना पर्याय नाही. अन्नविषबाधेच्या एका उपचाराने दोन महिन्यांची बचत जाऊ शकते.

या हिशोबाची दुसरी बाजू सहसा मांडली जात नाही. रविवारचे चार तास कोणाचे? २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. कर्जावर सही बहुधा दोघांची असते, कारण सहकर्जदारामुळे पात्रता वाढते. फेडीचे श्रम मात्र एकीच्या वाट्याला येतात. ताटाचेही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये छत्तीसगडच्या १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४७ टक्के होते. शेवटी जेवणारी व्यक्ती उरलेल्यावर भागवीत असेल, तर त्या घराची काटकसर तिच्या शरीरातून वसूल होत आहे असेच म्हणावे लागेल. डाळ, अंडी, दूध आणि लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याची पाने या स्वस्त व पोषक पालेभाज्या यांना हात लावू नये. कात्री बाहेरच्या जेवणाला लावावी, आणि रविवारी कांदा कोणी चिरावयाचा हे घर घेतानाच ठरवावे. हप्त्याची तारीख तर बँकेने ठरवून दिलेलीच असते!

वाचलेला पैसा त्याच महिन्यात कर्जखात्यात गेला नाही तर तो अन्य खर्चात विरून जातो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे जादा रकमेची स्थायी सूचना पगाराच्या दुसऱ्याच दिवशीची असावी. तथापि सर्व बचत कर्जात ओतणेही धोक्याचे. नोकरी जाणे किंवा आजारपण यांसाठी किमान तीन ते सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च हाताशी हवा. मुद्दलात भरलेले पैसे साध्या कर्जखात्यातून परत काढता येत नाहीत. आयकराचा विचारही डोळसपणे करावा. स्वतः राहत्या घराच्या व्याजावरील दोन लाख रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीपुरती आहे. २०२३-२४ पासून मूळ प्रणाली ठरलेल्या नव्या व्यवस्थेत ती नाही. ‘करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवा’ हा सल्ला आजही दिला जातो, परंतु अनेकांच्या बाबतीत त्याचा आधारच उरलेला नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावरही एक काम शिल्लक असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत देणे आणि नोंदविलेला बोजा उतरविणे धनकोवर बंधनकारक आहे; त्याच्या चुकीमुळे विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जदाराने कागद मोजून घ्यावेत, नादेय प्रमाणपत्र घ्यावे आणि केंद्रीय प्रतिभूती नोंदवहीतील आपल्या घरावरील बोजाची नोंद निघाली की नाही, हे स्वतः तपासावे.