भाड्याची खोली आणि आडनाव
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला ‘धम्म आणि आजचा तरुण’ हा विषय दिला होता. त्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही गिरणीत साचे चालवले, रात्रशाळेपलीकडे शिक्षण नाही. म्हणून आम्ही खोलीवर बोलतो. भाड्याच्या खोलीवर. कारण आपल्या पोरापोरींचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हाच, काका, खोली कुठं बघायची?

आमच्या वडिलांच्या पिढीची रीत वेगळी होती. गावाहून आलेला माणूस गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात दहा-बारा माणसं. एका पाळीची उठली की दुसऱ्या पाळीची निजायची. ट्रंक आणि वळकटी ज्याची त्याची, जेवण खानावळीत. आडनाव विचारायला परका कोण होता? पण म्हणून तेव्हा जात नव्हती असे कुणी समजू नये. गिरणीत पाणी प्यायची भांडी वेगळी, साचेखात्यात आपल्या माणसाला प्रवेश नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. पुढे त्याच साच्यांवर आम्ही उभे राहिलो, ती गोष्ट वेगळी.

बाबासाहेबांची १९१७ सालची बडोद्याची हकिगत आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पारशी नाव लावून पथिकाश्रमात राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. आम्हाला त्यातला पुढचा भाग जास्त लागतो. बाहेर पडल्यावर बाबासाहेबांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. दोघांपैकी एकानेही ‘मी देत नाही’ असं म्हटलं नाही. शंभर वर्षं उलटली, बहाणा तोच आहे, फक्त नोकराच्या जागी सोसायटी आली.

आमच्या पुतणीचं ऐका. दवाखान्यात नर्स आहे, नवरा बँकेत. उपनगरात खोली बघितली, टोकन दिलं. एजंटने आधी भाडं सांगितलं, मग डिपॉझिट, मग हळूच ‘व्हेज का नॉनव्हेज’, आणि शेवटी ‘पूर्ण नाव सांगा’. नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा भाऊ परदेशातून राहायला येणार असं निघालं. टोकन परत. तिसऱ्या ठिकाणी एजंटच म्हणाला, ताई, मालक चांगला आहे हो, सोसायटीचं बघावं लागतं; तुम्ही तो बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लावू नका, आत लावा.

पुतणी आमच्याकडे आली, म्हणाली, काका, दोन वर्षं फोटो पेटीत ठेवला तर काय बिघडलं? तिला सहावा महिना होता. आम्ही तिला काहीच बोललो नाही. ज्याच्या डोक्यावर पक्कं छप्पर आहे त्याने खोली शोधत फिरणाऱ्याला स्वाभिमानाचं प्रवचन देऊ नये, असं आमचं मत आहे. शेवटी एका मालवणी विधवा बाईंनी खोली दिली. त्यांनीही आडनाव विचारलं, पण ते लाइटबिलाच्या वहीत लिहायला. फोटो हॉलमध्येच आहे.

आपलं ज्ञानी लोक २०१५ सालीच दाखवून गेलेत. प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, त्यात दलित आणि मुसलमान भाडेकरूंना नकार जास्त असल्याचं दिसलं. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता यांची नावं आहेत. खाजगी मालकाच्या भाड्याच्या खोलीचं नाव त्यात नाही. अॅट्रॉसिटी कायद्याला २०१५ च्या दुरुस्तीने बहिष्काराचं कलम जोडलं, पण ‘भाऊ येणार आहे’ या वाक्याचा पुरावा कोर्टात कसा द्यायचा?

आता एक कडू गोष्ट. आपल्यातल्याच ज्यांचे दोन-दोन फ्लॅट झाले, ते भाडेकरू ठेवताना काय विचारतात? आमच्या कानावर आहे. ‘मुसलमान नको’, ‘अमुक जातीचा नको’. बंधूंनो, हे आपण कुणाकडून शिकलो?

बीडीडीच्या पुनर्विकासात संक्रमण शिबिर नको असेल त्याला दरमहा २५,००० रुपये भाडं मिळतं. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्याही मिळाल्या, आनंद आहे. पण मधल्या काळात बाहेर भाड्याने राहायचं तर आडनावाची भिंत मध्ये येतेच. ज्यांना खोली मिळते ते घाईत कागद बघत नाहीत. म्हणून सांगतो. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावा लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं म्हणतं, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगतो त्याच अटी धरल्या जातात. डिपॉझिट चेकने द्या, रोखीने दिलं तर पावती घ्या. डिपॉझिट परत कधी मिळणार ते करारात लिहून घ्या.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. ज्यांना करार वाचून हवा त्यांनी तो घेऊन यावा, सही करण्याच्या आधी. तिथेच एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर खोली मागणारे, उजव्या पानावर खोली देणारे. डावं पान भरत आलं, उजव्या पानावर नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ज्यांची खोली रिकामी असेल त्यांनी आज जाताना नाव लिहून जावं. पेन वहीला बांधलेला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!