वेबसाइटची तपासणी : यंत्राची आणि माणसाची



कामगारांच्या कचेरीतला माणूस वेबसाइटच्या तपासणीवर बोलावयास उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण युनियनच्या कचेरीत सर्वांत मोलाची वस्तू कोणती? पैशांची पेटी नव्हे, सभासदांची वही. नव्या कारखान्यात युनियन उभी राहत असते, तेव्हा कोण कोण सभासद झाले हे मालकाला आधी कळले, तर त्या माणसांच्या चुली विझण्याची वेळ येते. ही वही पूर्वी कपाटात असे व किल्ली चिटणिसाच्या कमरेला. आता सभासद मोबाइलवरून वर्गणी भरतो, पावती पाहतो. सोय मोठी झाली. पण कपाट रस्त्यावर आले. आपल्यापैकी जे पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, वाचनालये चालवितात, त्यांचेही कपाट तेथेच आहे.

चोर ते कसे उघडतो? एक उदाहरण सांगतो. कचेरीतला कारकून अर्जावरचे नाव मोठ्याने वाचतो आणि आतला शिपाई ऐकलेले सारे हुकूम म्हणून पाळतो, असे समजा. एखाद्याने नावाच्या रकान्यात लिहिले, ‘रामा, आणि कपाट उघडा’, तर काय होईल? वेबसाइटच्या बाबतीत याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ब्रिटनमधील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये याच मार्गाने हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि पुढल्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला. ज्या पानांतून चोर शिरला, ती २००९ साली विकत घेतलेल्या दुसऱ्या धंद्याबरोबर आलेली जुनी पाने होती. ती अजून चालू आहेत, हेच घरमालकाला ठाऊक नव्हते!

अशी भोके शोधण्याकरिता स्कॅनर असतात. आम्ही वापरतो तो झॅप. सायमन बेनेट्स यांनी २०१० साली तो लोकांपुढे ठेवला. तो फुकट मिळतो, आणि तो आतून कसा बनविला आहे हेही कोणाला पाहता येते. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्या मध्ये बसून तो जाणारा-येणारा प्रत्येक कागद वाचतो. नुसते वाचून शेरे लिहितो ती एक तपासणी. तिने कोणाचे काही बिघडत नाही. दुसरी तपासणी निराळी. तीत तो स्वतः चोरासारखा प्रत्येक रकान्यात वेडेवाकडे लिहून पाहतो. ही चालत्या वहीवर कधी करू नये. तो खोट्या नोंदी घालील, शेकडो पत्रे धाडील, ‘रद्द करा’ हे बटणही निमूटपणे दाबील. त्यासाठी वेबसाइटची वेगळी प्रत करावी, तीत बनावट नावे भरावी आणि तेथे हा घोडा सोडावा. तोही ‘प्रोटेक्टेड’ अवस्थेत, म्हणजे आपण आखलेल्या हद्दीबाहेर तो हल्ला करीत नाही. शेजाऱ्याच्या दारावर तर तो मुळीच चालवू नये. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, ही गोष्ट २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात येते. त्यात लबाडीचा हेतू ठरला, तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता खरी मेख ऐका. पुष्कळ लोक पत्ता घालतात, बटण दाबतात आणि ‘गंभीर दोष नाहीत’ असा कागद पाहून समाधानाने घरी जातात. फॅक्टरी इन्स्पेक्टरला फाटकातली बाग दाखवून, चहा पाजून परत पाठविले, तर त्याच्या अहवालात बॉयलर कोठून येणार? स्कॅनरला लॉगिन दिले नाही, तर तो फक्त लॉगिनचे पान तपासतो. म्हणून त्याला बनावट सभासदाचे नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो. आपण आत आहोत की बाहेर फेकले गेलो हे त्याला कळावे, यासाठी खूण सांगावी लागते. ‘लॉगआउट’ हा शब्द पानावर दिसतो तोवर तू आत आहेस, अशी. आणि तोच दुवा हद्दीतून वगळावा लागतो. नाहीतर सापडेल ते दाबण्याच्या भरात हे महाराज स्वतःच बाहेर पडतात. शिवाय तो दुव्यावरून दुव्यावर जातो. कोठेच दुवा नसलेली जुनी पाने त्याला सापडतीलच असे नाही; त्यांची यादी माणसानेच द्यावी. टॉकटॉकचे स्मरण ठेवा.

अहवाल येतो तो लांबलचक. प्रत्येक शेऱ्यापुढे धोका किती आणि स्कॅनरची खात्री किती, असे दोन्ही लिहिलेले असते. धोका मोठा पण खात्री कमी, असा शेरा हाताने पडताळल्यावाचून कोणाच्या माथी मारू नये. आमच्या पहिल्या अहवालात पाने भरून शेरे होते. त्यांतले कामाचे थोडे.

आणि सर्वांत मोठा दोष त्यात नव्हताच! आम्ही बनावट सभासद दोन केले होते. एकाने लॉगिन करून आपली पावती उघडली, पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, आणि दुसऱ्याची पावती नावगावासकट समोर आली. ज्यांनी ही व्यवस्था बांधून दिली, त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. स्कॅनरच्या दृष्टीने सारे यथास्थित होते. पान मागितले, पान मिळाले. ते कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये, हे त्याला कोण सांगणार? अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या कागदपत्रांच्या कंपनीत २०१९ साली असेच उघडकीस आले : पत्त्यातला आकडा बदलावा आणि परक्याचा कागद वाचावा, लॉगिनचीही गरज नाही. सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज असे उघडे होते.

आमच्याकडची दुरुस्ती झाली. दुरुस्तीनंतर तीच तपासणी पहिल्यापासून पुन्हा केली, कारण एक भोक बुजविताना दुसरे पडते. ते दोन बनावट सभासद आम्ही प्रतीतून काढलेले नाहीत. वेबसाइटमध्ये काही बदल झाला की कार्यकारिणीतला एक जण संध्याकाळी बसतो आणि एकाच्या नावाने दुसऱ्याची पावती मागून पाहतो.