विहारात कॅमेरा हवा



व्हिडिओ बातमीदारी शिकणारी आपल्या वस्तीतली एक मुलगी परवा आम्हाला म्हणाली, "काका, आमच्या नळाची बातमी करायला चॅनलवाले मीरा रोडला कधी येणार? आम्हीच करतो. पण जोडकाम करायला बसायचं कुठं? घरात तर पाय पसरायला जागा नाही."

पोरीचं खरं आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तो आपलं म्हणणं आपल्याच पत्रातून मांडावं लागतं म्हणूनच.

घाटकोपरचं रमाबाई नगर आठवा. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याची विटंबना झाली, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून आनंद पटवर्धन १४ वर्षं चित्रण करीत राहिले, तेव्हा २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. तो वस्त्यावस्त्यांतून लोकांना दाखवलाही. आज मोबाईल घरोघरी आहे हो, ही चिकाटी कुठं आहे?

विहाराची वरची खोली वंदनेनंतर रिकामीच असते. ती या मुलांना द्या. एक टेबल, जुना का होईना संगणक, भिंतीला पांढरी चादर. कुणी म्हणेल, विहारात हे कशाला? मग अभ्यासिका तरी कशाला चालवतो आपण?

अट एकच. ज्याच्या घरचं दुःख टिपलं, त्याला आधी दाखवायचं. तो नको म्हणाला तर बाहेर जाणार नाही.

आणि आयाबायांनो, मुलींना नऊपर्यंत बसू द्या. खोलीची किल्ली महिला मंडळाकडेच राहील.